पाच ओंजळी तांदूळ

सेलूच्या भुजंग केबलवाल्यानं बायकांचा खेळ काढला, तेव्हा गावातल्या पुरुषांना तो भारी अवघड वाटला आणि बायकांना हसू आलं. खेळ असा होता. पाच बायकांनी गावाबाहेर रानात पाच दिवस राहायचं. तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं, जळण आपलं आपण वेचायचं आणि दिलेल्या शिध्यात भागवायचं. रोज संध्याकाळी प्रत्येकीनं चिठ्ठीवर आपल्यातल्याच एकीचं नाव लिहायचं आणि जिच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, तिला घरी पाठवायचं. शेवटी उरेल ती जिंकली. हे सगळं भुजंग कॅमेऱ्यात धरणार आणि दुसऱ्या दिवशी घराघरांतल्या टीव्हीवर दाखवणार. पूर्वी तो लग्नाच्या कॅसेटी काढायचा. गच्चीवर डिश बसवल्यापासून मात्र त्याच्या डोक्यात नवनवीन कल्पना यायला लागल्या होत्या.

चुलीपुढं बसायचं, विहीर शेंदायची आणि ह्याला कसोटी म्हणायचं. हे भुजंगलाच सुचू शकत होतं, कारण त्यानं जन्मात कधी पोहरा ओढला नव्हता.

बक्षीस मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कापसाचे व्यापारी माणिकराव यांनी स्टँडजवळ नवे गाळे बांधले होते. त्यातला एक गाळा जिंकणारीला वर्षभर बिनभाड्यानं मिळणार होता. आणि विमलला तो गाळा हवा होता. नुसता हवा नव्हता, त्यावाचून तिचं पुढचं सगळं अडलं होतं.

विमलच्या परसात मोगऱ्याची बारा झुडपं होती. उन्हाळ्यात ती सोललेले तीळ धुऊन, वाळवून जुन्या धोतरावर पसरायची. त्यावर संध्याकाळी खुडलेल्या कळ्या आणि वर पुन्हा तीळ. सकाळी कोमेजलेल्या कळ्या निवडून काढायच्या, संध्याकाळी ताज्या घालायच्या. असं दहा-बारा दिवस केलं की तिळात मोगरा मुरायचा. मग ते घाण्यावर नेऊन गाळून आणायचे. ह्या तेलाला फुलेल म्हणतात. उरुसाला हैदराबादेहून येणाऱ्या अत्तरवाल्यानं एकदा ते मनगटाला लावून हुंगलं आणि पुष्कळ वेळ काही बोललाच नाही. त्याच्या त्या गप्प बसण्यावर विमलनं तीन वर्षं काढली होती.

पण गावात तिचं फुलेल कुणी विकत घेत नव्हतं. आवडायचं सगळ्यांना. हळदीकुंकवाला निघालेल्या बाया वाटेत तिच्या दारात थांबायच्या, हात पुढं करायच्या, ‘जरा लाव की गं,’ म्हणायच्या आणि घमघमत पुढं जायच्या. शेजारणीच्या हातचं म्हटलं की ते फुकटच, अशी आपल्याकडची समजूत. दुकानाच्या फळीवर तीच बाटली ठेवली, वर पाटी लावली, की मग तिला किंमत येते. सासरे व्यंकटराव चिडके नव्हते, पण त्यांचाही धीर संपत आला होता. त्यांनी सरळ सांगितलं, “एवढा गाळा मिळाला तर कर तुझं सुगंधाचं. न्हाई मिळाला तर झुडपं काढून तिथं गोठा बांधू. म्हशीला सावली न्हाई.” नवरा सिताराम म्हशीकडं बघत बसला.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विमल गाठोडं घेऊन माणिकरावांच्या शेतात आली. शेत पाथरी रस्त्याला लागून होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं, एस्ट्या सुटतील त्या दिवशी सुटत. सगळ्या जणी काळ्या-पिवळ्या जीपनंच आल्या. पाथरीची एक तरुण मास्तरीणबाई होती. सेलूला बहिणीकडं आलेली पिंगळीची तानुबाई होती. स्टेशनातल्या कारकुनाची बायको कमलबाई होती. आणि कडूबाई होती.

कडूबाईला सेलूत सगळे ओळखत. ती ब्लाऊज शिवायची, आणि असे शिवायची की परभणीच्या मुली लग्नाआधी तिच्याकडं माप द्यायला यायच्या. फुग्याच्या बाह्या, पाठीला गोट, गळ्याला काचमणी. टीव्हीवर रविवारी बघितलेली फॅशन बुधवारी कडूबाईच्या सुईखाली असायची. स्वतः मात्र ती विटलेल्या पांढुरक्या लुगड्यात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मशीन भावाच्या ओसरीवर, म्हणजे भावजयीच्या नजरेखाली होतं. तिलाही गाळा हवाच होता. पण ती तसं बोलून दाखवत नव्हती, त्यामुळं इतरांना ते विसरणं सोपं गेलं.

बायकांची राखण करायला माणिकरावांची बायको चांगुणाबाई खोपटात मुक्कामाला होती. भुजंगनं कॅमेरा खांद्यावर घेऊन नियम वाचले. बाहेरून कणभरही आणायचं नाही. अंथरूण-कपडे सोडून प्रत्येकीनं घरून एकच वस्तू आणलेली चालेल. तांदूळ, डाळ, पीठ सगळ्यांत मिळून एवढंच, आणि त्यातला एक जरी जिन्नस शेवटच्या दिवसाआधी संपला तर खेळ तिथंच मोडला, गाळा कुणालाच नाही.

पहिला दिवस तर सुटीसारखा गेला. सासू नाही, धारा काढायच्या नाहीत, कुणाचा डबा नाही. तानुबाई दुपारी बाजरीच्या पेंढ्यांच्या बुचाडाला टेकून निवांत झोपली आणि उठल्यावर म्हणाली, “हे असं असंल तर मी म्हयनाभर ऱ्हाते बाई.” भुजंग बिचारा त्यांचे हाल टिपायला आला होता. हाल काही सापडेनात म्हणून त्यानं विमलला फुलेल कसं करतात ते सांगायला लावलं. विमलनं सगळं सांगितलं, घरून आणलेल्या फुलेलाच्या बाटलीचं बूच काढलं आणि एकेकीच्या हाताला लावत गेली. कडूबाईपाशी आली तेव्हा कडूबाईचे हात पदराखाली होते. विमल पुढच्या बाईकडं सरकली. तिला त्यात काही केल्यासारखं वाटलं नाही. तसंच करत आल्या होत्या सगळ्या.

संध्याकाळी चिठ्ठ्या पडल्या आणि मास्तरीणबाईचं नाव निघालं. वय कमी, घरी लहान मूल, तिलाही घराची ओढ लागली होती. ती पिशवी उचलून निघाली तशी चांगुणाबाई आडवी आली.

“अशी कशी जाशील? माझ्या शेतातून सवाशीण रिकाम्या ओटीनं जात नसती.”

भुजंग म्हणाला, “काकू, बाहेरचं काही आणायचं न्हाई, नियम हाय.”

“मग आतलं भरू. तांदूळ आणा गं.”

कडूबाईनं आपल्या गाठोड्यातून एक खण काढून दिला. तिनं घरून आणलेली वस्तू म्हणजे कापडाचं गाठोडंच होतं. मग विमल, कमलबाई आणि तानुबाई, तिघींनी मास्तरीणबाईच्या पदरात तांदूळ घातले, प्रत्येकीनं पाच पाच ओंजळी. मास्तरीणबाईचे डोळे भरले. फार सुरेख झालं सगळं. कडूबाई तेवढा वेळ चुलीपाशी जाळ सारत बसली होती. विधवा बाई ओटी भरत नाही आणि तिची कुणी भरत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

सुरेख झालं खरं, पण तांदळाचा डबा निम्मा झाला. भुजंगनं शिधा काढताना पाच बायकांची पोटं धरली होती, ओट्या धरल्या नव्हत्या.

दुसऱ्या संध्याकाळी तानुबाई गेली. आता ओटी भरायला दोघीच, तरी दहा ओंजळी गेल्याच. हात आखडता घ्यायचा तर समोर चांगुणाबाई, आणि तिच्या शेजारी कॅमेरा. सकाळी विमलनं डबा हलवून बघितला तर तळाशी तांदूळ खुळखुळत होते.

विहिरीवर कमलबाईनं पोहरा वर घेतला आणि इकडंतिकडं बघून हलकेच म्हणाली, “विमल, आज आपल्यातली कुणी गेली की सरले बघ तांदूळ. खेळ मोडला.”

“मग गं?”

“मग काय. कडूबाई गेली तर तांदूळ जायचे न्हाईत.”

एवढंच ती बोलली. विमलला पुढचं विचारावं लागलं नाही. तिनं घागर डोक्यावर घेतली, आणि खोपटापर्यंतच्या वाटेवर मनात तिचं सगळं ठरून गेलं. कडूबाईचा तिला राग नव्हता. उलट रात्री अंगावर घ्यायला कडूबाईनंच तिला आपलं जाड पांघरूण दिलं होतं. पण झुडपं डोळ्यांपुढं आली, म्हैस आली, आणि स्टँडजवळच्या गाळ्यावरची पाटी आली. ती पाटी विमलनं मनात इतक्यांदा रंगवली होती की अक्षरांचा रंगसुद्धा ठरला होता. माणूस अशा वेळी वाईट वागतो तेव्हा आपण वाईट वागतोय असं त्याला वाटतच नाही. आपण हिशेबी वागतोय एवढंच वाटतं.

दिवसभर विमल कडूबाईशी जरा जास्तच गोड बोलली. तिच्या वाटचं सरपण आणून दिलं, तिला भाकरीचा पापुद्र्याचा भाग काढून दिला. कडूबाईनं तो खाल्ला आणि म्हणाली, “आज लय माया करायलीस गं.” विमलनं चुलीत फुंकर घातली.

संध्याकाळी भुजंगनं तीन चिठ्ठ्या उघडल्या. एक कमलबाईच्या नावाची. दोन कडूबाईच्या.

“कमलबाईचं नाव मी लिवलं,” कडूबाई आपण होऊन म्हणाली. “त्या घोरतात. दोन रात्री डोळा न्हाई लागला मला.” भुजंग हसला, कमलबाईसुद्धा हसली. मग कडूबाई उठली, गाठोडं बांधलं आणि उभी राहून म्हणाली, “मला का काढलं, तेवढं सांगा. काम कमी पडलं का माझं? का कुणाला टोचून बोलले मी?”

विमल चुलीतली राख सारायला लागली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. चांगुणाबाई वाट मोकळी सोडून बाजूला झाली. आज आडवं यायचं तिला काही कारण नव्हतं. ती बाजूला होताना विमलनं बघितलं. मास्तरीणबाई गेली, तानुबाई गेली, तेव्हा ही बाई वाटेत उभी राहिली होती.

विमल घाईघाईनं उठली. तांदळाचा डबा घेऊन आली.

“थांबा कडूबाई. मी ओटी भरते तुमची.”

कमलबाईनं तिच्याकडं डोळे मोठे करून बघितलं. चांगुणाबाई म्हणाली, “अगं विमल, असं न्हाई करत.” भुजंग मात्र दोन पावलं पुढं सरकला. असं काही टीव्हीवर कुणीच दाखवलं नव्हतं, उद्या सगळं सेलू ह्याच्यावर बोलणार, हे त्याला तिथल्या तिथं कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर विमललाही ते थोडं कळलं होतं. आपण काही मोठं करतोय असं वाटून तिचा ऊर भरून आला. एका ओंजळीत तिला दिवसभराची बोच धुऊन टाकायची होती.

कडूबाईनं पदर पसरला नाही. ती एक पाऊल मागं सरली.

“मला ओटी न्हाई पायजे,” ती म्हणाली. “मला ऱ्हायचंय.”

विमलची ओंजळ तशीच राहिली.

“अकरा वर्षं कुणी भरली न्हाई. त्याचं मला काय वाटंना आता. पर मला कळतंय विमल. मी गेले तर तांदूळ जाणार न्हाईत, म्हणून काढलं तुमी मला. आन तेच तांदूळ आता माझ्या ओटीत घालायलीस. ते ठेव डब्यात. मला माझी जागा दे. मशीन ठेवायला जागा न्हाई मला, भावाची ओसरी सोडायचीय. तुला तुझी झुडपं हायत, तसं मला ते मशीन हाय.”

आवाज चढवला नव्हता तिनं. बाही कापताना माप सांगावं तशी बोलली. विमलला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेत कडूबाईचा रागही थोडा होता, कारण तिनं विमलला चांगलं ठरायची सोपी वाट ठेवली नव्हती. ती वाट मोकळी असती तर विमल आनंदानं रडली असती, कडूबाई जीपमध्ये बसली असती आणि गाळा विमलच्या बाजूला सरकला असता.

तिनं ओंजळ डब्यात रिकामी केली. हाताला चिकटलेले दाणेही झटकून आत टाकले. मग कॅमेऱ्याकडं न बघता म्हणाली, “चिठ्ठी मी लिहिली. तांदळासाठीच लिहिली. कडूबाईंचं काम माझ्यापेक्षा चांगलं हाय.”

“मी बी त्याच्यासाठीच लिवली,” कमलबाई खाली बघत म्हणाली.

भुजंग गडबडला. “वहिनी, हे सगळं ठीक हाय, पण रोज एकीनं जायचं असा नियम हाय. चिठ्ठ्या पडल्या.”

“एकीनं जायचं ना? मी जाते.”

“असं कसं चालंल? जिच्या नावाची चिठ्ठी—”

“चालंल,” चांगुणाबाई म्हणाली. इतका वेळ ती विमलकडं नाराजीनं बघत होती. आता ती भुजंगकडं तशीच बघायला लागली. “शेत माझं हाय. कुणी तरी एक जायचं एवढाच तुझा नियम. जायची म्हणती तिला जाऊ दे.”

विमलनं आपलं गाठोडं आणलं. कुणीतरी अडवावं असं तिला एकदा वाटून गेलं, ते लपवण्यात अर्थ नाही. कुणी अडवलं नाही. मग कमलबाई तांदळाच्या डब्याकडं वळली, कारण आता सवाशीण निघाली होती आणि ओटी भरायलाच हवी होती.

विमल कमलबाईपुढं न थांबता कडूबाईसमोर जाऊन बसली. पदर पसरला.

“तुमी भरा.”

कडूबाईचा चेहरा आकसला. “माझ्या हातानं कसं? तुझ्या नवऱ्याचं, घराचं काय…”

“भरा.”

कडूबाईनं चांगुणाबाईकडं बघितलं. चांगुणाबाईला हे पटलं नव्हतं. तिच्या सासूनं, आजेसासूनं तिला जे शिकवलं होतं त्यात हे कुठंच बसत नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. शेवटी तिनं स्वतः डबा उचलला आणि कडूबाईच्या हाताशी ठेवला.

“पदर पसरून बसलीय ती,” चांगुणाबाई म्हणाली. “किती वेळ बसवतीस?”

कडूबाईनं हात डब्याच्या काठाशी नेले आणि मागं घेतले. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारे हात ते. “किती असत्यात गं?” तिनं विचारलं. “तीन का पाच? मला ध्यानातच ऱ्हायलं न्हाई.”

“पाच,” विमल म्हणाली. “पर एकच घाला. तुमाला अजून दोन दिवस काढायचेत.”

“पीठ हाय की भाकरीला,” कडूबाई म्हणाली आणि पाचच्या पाच ओंजळी घातल्या, भरून. गाठोड्यातला हिरवा खण काढून वर ठेवला. डब्यात मूठभर तांदूळ उरले. कमलबाईनं ते बघितलं, झाकण लावलं आणि ओटीला हात लावून नुसता नमस्कार केला.

रस्त्यावर जीप लगेच मिळाली. दिवस मावळत होता. विमल मागच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये दाटीवाटीनं बसली आणि जीप हलल्याबरोबर तिला रडू फुटलं. ती चांगुलपणानं भरून येऊन रडत नव्हती. ती गाळ्यासाठी रडत होती. ह्या उन्हाळ्यात परसात गोठा उभा राहणार होता. व्यंकटराव शब्दाचे पक्के होते, सिताराम म्हशीकडं बघत बसणार होता, आणि मोगऱ्याची मुळं खोल गेली होती, ती उपटताना दोन गडी लागणार होते. हे सगळं तिनं आपल्या हातानं केलं होतं. परत कुणी विचारलं असतं तर परत केलं असतं का, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. ती पदर गच्च धरून रडत राहिली.

जीपमधल्या कुणाला त्यात नवल वाटलं नाही. भरली ओटी, कोरा खण, डोळ्यांत पाणी. अशा बाया त्या रस्त्यावर कायम असतात. शेजारच्या म्हातारीनं तिला टेकायला जागा करून दिली.

“माहेराहून निघालीस का बाई?”

विमलनं नाक पुसलं. मान हलवली.

“होतं असं. दोन दिस सासरी गेले की बरं वाटतं.” म्हातारी तिच्या पदरातल्या तांदळाकडं बघत होती. “भरून घातलीय ओटी. आई हाय का?”

“आई न्हाई.”

“मग कुणी भरली?”

जीप सेलूच्या फाटकापाशी थांबली, मालगाडी जायची होती. विमलनं सांडू लागलेले दाणे पदरात आत सारले आणि टोक कमरेला खोचलं.

“थोरली बहीण हाय एक,” ती म्हणाली.